खलिफा उस्मान यांच्याविरुद्ध बंड का झालं?

विचारलेला प्रश्न असा: तिसरे खलिफा उस्मान यांना इसवी सन ६५६ मध्ये मदिनेत, त्यांच्याच घरात, मुसलमानांनीच मारलं. हे कशामुळे झालं? नातेवाइकांना दिलेल्या मोठ्या पदांमुळे, कुराणाच्या प्रती जाळल्यामुळे, की अब्दुल्ला इब्न सबा नावाच्या माणसाने रचलेल्या कटामुळे?

मध्ययुगीन पश्चिम आशियाचा इतिहास शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एक उत्तर मनात धरूनच आलेला असतो. माझं उत्तर चौथंच आहे. हे बंड मुळात जिंकलेल्या मुलखाच्या वसुलावरून झालं. इराक आणि मिसर (इजिप्त) ज्यांनी लढून घेतले त्या छावण्यांमधल्या जुन्या शिपायांचा त्या उत्पन्नावर हक्क किती, आणि मदिनेतल्या कुरैश मंडळींचा, म्हणजे पैगंबरांच्या टोळीतल्या लोकांचा, किती, हा वाद होता. नातेवाईक, नमाज, कुराणाच्या प्रती या तक्रारी खऱ्या होत्या, पण त्या या वादाला येऊन मिळाल्या. वादाचं पर्यवसान खुनात का झालं, ते मात्र वेगळं प्रकरण आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी पैशाचं बघू. दुसरे खलिफा उमर यांच्या दहा वर्षांत (६३४ ते ६४४) इराक, शाम (सीरिया) आणि मिसर हाती आले. एवढा मुलूख मिळाल्यावर शिपायांची साहजिक मागणी होती की जमीन आम्हाला वाटून द्या. उमर यांनी ती मानली नाही. जमीन मूळ कसणाऱ्यांकडेच ठेवायची, त्यांच्याकडून सारा घ्यायचा आणि त्या साऱ्यातून शिपायांना वर्षासन द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. ६४१ च्या सुमारास त्यासाठी दीवान, म्हणजे नावनिशीवार यादी, सुरू झाली. वर्षासनाचा दर कुळावर ठरत नसे. तुम्ही इस्लाममध्ये कधी आलात आणि कुठल्या लढाईत होतात यावर ठरे. पैगंबरांच्या काळातल्या बद्रच्या पहिल्या मोठ्या लढाईत असलेल्याला वर्षाला ५००० दिरहम, इराकची निर्णायक लढाई कादिसियाला झाली तिथे असलेल्याला २०००, आणि मागाहून आलेल्यांना उतरत्या क्रमाने ५०० पासून २०० पर्यंत. वेगवेगळ्या नोंदींत हे आकडे थोडेफार बदलतात, पण चढउतार तोच.

हे शिपाई राहत छावणीच्या शहरांत: इराकात कूफा आणि बसरा, मिसरात फुस्तात. कूफ्याचा विचार करा. एखाद्या लहानशा टोळीतला, घराण्याचं नाव नसलेला माणूस कादिसियाला लढला म्हणून २००० च्या यादीत आहे. त्याच्याच टोळीचा जुना सरदार पैगंबरांच्या मृत्यूनंतर मदिनेविरुद्ध उठला होता, म्हणून त्याच्या खाली आहे. ही उलथापालथ उमर यांनी जाणूनबुजून केली होती, आणि ज्यांना तिचा फायदा झाला ते तिला धर्माचाच भाग मानत. कुराण पाठ म्हणणारे, ज्यांना कुर्रा म्हणत, ते बरेचसे याच थरातले होते.

उस्मान यांच्या काळात (६४४ ते ६५६) ही व्यवस्था दोन्ही बाजूंनी दबायला लागली. अरबस्तानातून माणसं येतच राहिली, यादी फुगत गेली, आणि मोहिमा लांब इराणात आणि आर्मेनियात गेल्याने लूट पूर्वीसारखी सहज मिळेना. दुसरीकडे जुने सरदार पुन्हा वर येऊ लागले. किंदा टोळीचा अश्अस इब्न कैस हा मदिनेविरुद्ध उठून पकडला गेलेला माणूस. उस्मान यांनी त्याला अझरबैजानचा कारभार दिला. कादिसियाच्या जुन्या शिपायाला ही बातमी कशी लागली असेल ते वेगळं सांगायला नको.

त्यातही सगळ्यात दुखरी जागा होती सवाफी जमिनीची. इराणच्या सासानी राजघराण्याची शेती, लढाईत मेलेल्या किंवा पळून गेलेल्या इराणी सरदारांची शेती, अग्निमंदिरांची शेती, ही सगळी बेवारस झाली होती. आपल्याकडच्या दप्तरांच्या भाषेत खालसा जमीन म्हणा. तिचं उत्पन्न काही नोंदींत सालाना ७० लाख दिरहमांपर्यंत दिलं आहे. कूफ्याच्या जुन्या शिपायांचं म्हणणं, ही आमची सामाईक मिळकत, कारण ती आमच्या तलवारीने मोकळी झाली. मदिनेचं म्हणणं, ती खलिफाच्या अखत्यारीत. उस्मान यांनी यात एक नवी वाट काढली. हिजाझमधली, म्हणजे मक्का-मदिनेच्या भागातली, आपली जमीन देऊन त्या बदल्यात इराकात जमीन घेण्याची मुभा त्यांनी दिली. तल्हा इब्न उबैदुल्ला हे पैगंबरांचे नामांकित सहकारी. त्यांनी खैबरमधला आपला वाटा देऊन कूफ्याजवळ नश्तास्तज नावाची मोठी जमीन घेतली. कागदावर हा रीतसर सौदा होता. कूफ्यातून पाहणाऱ्याला एवढंच दिसलं की आपली सामाईक जमीन एकेका कुरैश बड्या माणसाच्या नावावर चालली.

आता कूफ्यातला तो प्रसिद्ध प्रसंग नीट कळतो. तिथला सुभेदार सईद इब्नुल आस, उस्मान यांच्याच उमय्या कुळातला. रात्री त्याच्याकडे गावातल्या प्रतिष्ठितांची बैठक बसे. एका रात्री बोलता बोलता सवादचा विषय निघाला; सवाद म्हणजे तैग्रिस-फरात नद्यांमधला सुपीक पट्टा. सईद म्हणून गेला, "हा सवाद म्हणजे कुरैशांची बाग." बैठकीत मालिक अल-अश्तर होता, एका डोळ्याने अधू झालेला जुना लढवय्या. तो उसळला: अल्लाने जे आमच्या तलवारींनी आम्हाला दिलं, ते तुझी आणि तुझ्या टोळीची बाग? सईदचा कोतवाल मध्ये बोलायला गेला तर बैठकीतल्या माणसांनी त्याला बेशुद्ध होईपर्यंत बडवलं. सईदने मदिनेला लिहिलं, आणि अश्तरसह काही जणांना दमास्कसला शामचे सुभेदार मुआविया यांच्याकडे हद्दपार करण्यात आलं.

अल्लाचं नाव सोडलं तर या प्रसंगात धर्माच्या नियमांचा वाद कुठेच नाही. विद्यार्थ्यांना मी कुठलाही सिद्धान्त सांगण्याआधी ही बैठक वाचायला लावतो ती यासाठीच.

दमास्कसला मुआवियांनी त्यांच्याशी वाद घातला, कंटाळले, आणि त्यांना हिम्सला धाडलं. ६५५ च्या सुमारास सईद मदिनेला गेलेला असताना हे लोक परतले आणि त्यांनी सईदची वाटच अडवली. कूफ्याबाहेर जरआ नावाच्या ठिकाणी माणसं जमली आणि सईदला सांगण्यात आलं, आल्या पावली परत जा. आम्हाला अबू मूसा अल-अश्अरी सुभेदार हवेत. उस्मान यांनी ते मान्य केलं. पहिलं यशस्वी बंड हे, आणि त्यात रक्तपात जवळजवळ नाही. पण त्यातून बाकीच्या छावण्यांना कळायचं ते कळलं: मदिनेच्या हाताशी फौज नाही.

नातेवाइकांच्या नेमणुकांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. यादी खरी आहे. कूफ्याला आधी वलीद इब्न उक्बा, उस्मान यांचा आईकडून सावत्र भाऊ. मग सईद, कुळातला. बसऱ्याला अब्दुल्ला इब्न आमिर, मामेभाऊ, तेही अबू मूसांसारख्या मुरलेल्या माणसाला हटवून, आणि हा पंचविशीचा. मिसरला अब्दुल्ला इब्न साद, दूधभाऊ. दमास्कसला मुआविया होतेच, पण त्यांना उमर यांनी नेमलं होतं. मदिनेत चिटणीस म्हणून चुलतभाऊ मरवान. वलीदची गोष्ट तर बदनामीकारकच. दारूच्या नशेत त्याने पहाटेच्या नमाजला दोनऐवजी चार रकाती (नमाजाची आवर्तनं) म्हटल्या आणि वळून विचारलं, अजून वाढवू का? तो झोपलेला असताना लोकांनी त्याच्या बोटातली अंगठी काढून पुरावा म्हणून मदिनेला नेली, असंही सांगतात. त्याला पदावरून काढलं आणि मदिनेत फटके मारण्यात आले. म्हणजे उस्मान यांनी नात्यापायी शिक्षा टाळली, असं या प्रकरणात तरी म्हणता येत नाही.

शिवाय ही माणसं बिनकामाची नव्हती. इब्न आमिरच्याच काळात फारस आणि खुरासान घेतले गेले आणि ६५१ मध्ये शेवटचा सासानी बादशहा यझ्दगिर्द मर्वजवळ मारला गेला. मिसरच्या इब्न सादने आफ्रिकेत आणि समुद्रावर पूर्व रोमनांना (बायझंटाइनांना) हरवलं. मग नातेवाईकच का? उस्मान स्वतः सांगत की रक्ताच्या नात्याला धरून राहणं हे धर्माचंच सांगणं आहे, आणि आपण देतो ते आपल्या पैशातून. मला यामागे व्यवहारही दिसतो. छावण्या वसूल स्वतःकडे ठेवू पाहत होत्या. तो मदिनेला पोचवायचा तर खलिफाला ज्याचा भरवसा वाटेल असा सुभेदार हवा, आणि त्या काळात भरवसा म्हणजे कूळ.

मिसरची गोष्ट हे चांगलं दाखवते. मिसर जिंकलं अम्र इब्नुल आस यांनी. उस्मान यांनी त्यांना काढून इब्न सादला बसवलं. अम्र यांच्या काळात मिसरचा वसूल २० लाख दीनार येई. इब्न सादने ४० लाख काढले. उस्मान यांनी अम्र यांना टोमणा मारला, "तुमच्यानंतर सांडणी जास्त दूध द्यायला लागली." अम्र म्हणाले, "हो, पण तुम्ही तिची पिल्लं उपाशी मारलीत." नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी याने हा संवाद नोंदवलाय. तो शब्दशः झाला असो वा नसो, फुस्तातमध्ये काय बोललं जात होतं ते त्यात पुरेपूर आहे. जास्तीचा पैसा मदिनेला जात होता आणि छावणी रिकामी राहत होती. हेच अम्र पुढे उस्मान यांच्या खुनाचा सूड मागणाऱ्यांत मुआवियांच्या शेजारी उभे राहिले. त्याआधी पद गेल्यावर मदिनेत बसून त्यांनी खलिफाविरुद्ध कान भरायचं काम मन लावून केलं होतं.

धार्मिक तक्रारी आता थोडक्यात. हजच्या वेळी मिना इथे प्रवासी म्हणून दोन रकातींची नमाज व्हायची, उस्मान यांनी चार म्हटल्या. पैगंबरांनी ताइफला घालवून दिलेल्या हकमला, म्हणजे आपल्या चुलत्याला, त्यांनी परत आणलं. ६५० च्या आसपास कुराणाची एक प्रमाण प्रत तयार करून घेतली आणि बाकीच्या प्रती नष्ट करवल्या. कूफ्यात पैगंबरांचे जुने सहकारी इब्न मसऊद आपली प्रत द्यायला तयार नव्हते. आज मुसलमान जगात हेच काम उस्मान यांचं सर्वांत मोठं काम मानलं जातं, पण तेव्हाच्या कुर्रांना ते आपल्या अधिकारावर मदिनेने घातलेला हात वाटलं. अबू झर हे वृद्ध सहकारी दमास्कसमध्ये सोनं-चांदी साठवणाऱ्यांविरुद्ध कुराणाची आयत म्हणत फिरत. मुआवियांनी त्यांची तक्रार केली, त्यांना मदिनेला आणलं, आणि शेवटी रबझाच्या माळरानावर ते वारले. यातल्या निम्म्या तक्रारी पुन्हा पैशाकडे आणि हक्काकडेच येतात.

धर्माचा केवळ बुरखा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या माणसांकडे हक्काचं बोलायला दुसरी भाषाच नव्हती. पहिले खलिफा अबू बक्र आणि उमर यांच्या वहिवाटीने चालेन असं वचन देऊन उस्मान निवडून आले होते. उमर यांनी नेमलेल्या सहा जणांच्या मंडळात हाच कळीचा प्रश्न ठरला होता. पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली यांनी त्याला होकार देताना हात राखला, उस्मान यांनी बिनशर्त हो म्हटलं. त्यामुळे वहिवाट मोडली हा आरोप राजकीयही होता आणि धार्मिकही. दोन्ही वेगळे काढणं ही आपली सोय.

इथे बसऱ्याच्या एका माणसाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्याचा संबंध हिंदुस्थानाशी आहे. उमर यांच्या काळात, ६३६ च्या सुमारास, बहरैन-ओमानच्या सुभेदाराने समुद्रमार्गे थेट आपल्या मुंबईजवळच्या ठाणे गावावर धाड पाठवली होती, खलिफाला न विचारता. उमर संतापले होते: ही माणसं बुडाली असती तर तेवढीच मी तुझ्या टोळीतून वसूल केली असती. पुढे उस्मान खलिफा झाल्यावर त्यांनी हिंदच्या सरहद्दीची पाहणी करायला हकीम इब्न जबला या माणसाला पाठवलं. तो परत आल्यावर त्याने सांगितलं: पाणी थोडं, खजूर हलका, चोर धीट, थोडी फौज नेली तर नाहीशी होईल, मोठी नेली तर उपाशी मरेल. मूळ अरबीत हे सगळं यमकात आहे. उस्मान यांनी विचारलं, "तू खबर सांगतोयस की यमकं जुळवतोयस?" हकीम म्हणाला, खबर सांगतोय. मोहीम रद्द झाली.

हाच हकीम इब्न जबला ६५६ मध्ये बसऱ्याच्या बंडखोरांचा पुढारी म्हणून मदिनेला आला. खलिफाच्या विश्वासातला, अब्दुल कैस टोळीतला वजनदार माणूस. सैफ इब्न उमर नावाच्या कथनकाराच्या वृत्तान्तात मात्र तोच हकीम लुटारू होतो: मोहिमेवरून परतताना फौजेतून मागे राहायचा, जिम्मी, म्हणजे संरक्षणाखालच्या बिगरमुसलमान, रयतेला नागवायचा. आणि बसऱ्याला आलेला इब्न सबा उतरतो तो याच हकीमच्या घरी.

इब्न सबाकडे आता वळू. सैफच्या कथेत तो येमेनचा यहुदी, वरवर मुसलमान झालेला. तो बसरा, कूफा, दमास्कस, मिसर असा फिरतो, अली हेच पैगंबरांचे खरे वारस असं पसरवतो, गावोगाव पत्रं पाठवतो आणि सगळं बंड घडवून आणतो. ही कथा तबरीच्या इतिहासात आली आणि तबरीमुळे सगळीकडे गेली. पण तबरी हा दहाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिणारा, अनेकांचे वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवणारा माणूस. त्याच पानांवर वाकिदी या दुसऱ्या जुन्या कथनकाराच्या परंपरेतले वृत्तान्त आहेत, आणि त्यांत या बंडामागे इब्न सबा नाहीच. बलाझुरीने उस्मान यांच्या अखेरीबद्दल भरपूर साहित्य गोळा केलं. तिथेही या बंडाचा सूत्रधार तो नाही. तीन छावण्यांतलं बंड एका माणसाने पेटवल्याची खबर एकाच कथनकाराला असावी, आणि त्याचं वर्णन असं असावं की पैगंबरांच्या एकाही सहकाऱ्यावर ठपका येऊ नये, हे मला पटत नाही. सैफला हदीसचे जुने जाणकारही भरवशाचा मानत नसत. अली यांच्याबद्दल टोकाची भक्ती सांगणारा इब्न सबा नावाचा कुणी असेलही. पण तो बंडाचं कारण नव्हे.

ही कथा टिकली का, हे सोपं आहे. तिने सगळ्यांची सोय केली. खलिफा निर्दोष, सहकारी निर्दोष, अली निर्दोष, आणि दोष बाहेरच्या एका माणसाचा.

प्रत्यक्षात मदिनेतलेच लोक उस्मान यांच्यावर नाराज होते, आणि जुन्या वृत्तान्तांत ते लपवलेलं नाही. खलिफा मिंबरवर (मशिदीतल्या व्यासपीठावर) खुत्बा, म्हणजे प्रवचन, देत असताना जहजाह अल-गिफारी नावाच्या माणसाने त्यांच्या हातातली काठी हिसकावली, जी पैगंबरांची म्हणून जपलेली होती, आणि गुडघ्यावर आपटून मोडली. दुसरा एक जण गळ्यात अडकवायची साखळी हातात घेऊन रस्त्यात उभा राहिला आणि म्हणाला, तुमचं हे टोळकं सोडा, नाहीतर ही तुमच्या गळ्यात घालतो. पैगंबरांच्या पत्नी आयेशा उघड टीका करत. तल्हा यांचं बंडखोरांशी बोलणं होतं. तबरी स्वतःच एके ठिकाणी सांगतो की मारेकऱ्यांनी पुढे केलेली पुष्कळ कारणं आपण दिली, आणि पुष्कळ काही कारणांनी वगळली. इतिहासकाराची ही कबुली वाचताना मला तरी त्याच्याबद्दल आदरच वाटतो.

६५६ चा घटनाक्रम थोडक्यात असा. मिसरहून काहीशे माणसं निघाली. आकडा ४०० ते ७०० च्या दरम्यान दिला जातो. त्यांचा एक पुढारी अब्दुर्रहमान इब्न उदैस, म्हणजे हुदैबियाला झाडाखाली पैगंबरांच्या हातावर शपथ घेतलेल्यांपैकी एक. कूफ्याहून अश्तर, बसऱ्याहून हकीम. सगळे मदिनेबाहेर तळ देऊन राहिले. अली मध्ये पडले, उस्मान यांनी तक्रारी मान्य केल्या, सुधारणांचं वचन दिलं, आणि मिसरवाले परत फिरले.

वाटेत त्यांना एक सांडणीस्वार दिसला, कधी जवळ येणारा, कधी दूर जाणारा. पकडून झडती घेतली. स्वार खलिफाचा गुलाम, सांडणी खलिफाची, आणि जवळच्या पत्रावर खलिफाची मोहोर. मिसरच्या सुभेदाराला लिहिलेलं: हे लोक पोचले की यांच्या पुढाऱ्यांना शिक्षा करा. मिसरवाले तसेच मदिनेला परतले. उस्मान यांनी शपथ घेऊन सांगितलं, हे पत्र मी लिहिलेलं नाही, मला याची खबरही नाही. बंडखोरांचा युक्तिवाद बिनतोड होता: तुम्ही खोटं बोलत असाल तर पदाला लायक नाही, आणि तुमच्या मोहोरेचं पत्र तुमच्या नकळत जात असेल तरी लायक नाही. मरवानला आमच्या हवाली करा, किंवा पद सोडा.

पत्र कुणाचं? माझा कल मरवानकडे आहे. मोहोर, गुलाम आणि सांडणी, तिन्हींपर्यंत हात पोचणारा तोच, आणि तडजोड त्यालाच सर्वांत महागात पडणार होती. उलट बाजूचा एक मुद्दाही लक्षात ठेवा, आणि तो सैफच्याच वृत्तान्तात आहे. कूफा आणि बसऱ्याचे लोक वेगळ्या वाटेने कित्येक मजल पुढे गेलेले असताना तेही त्याच वेळी परत आले, तेव्हा अली यांनी त्यांना विचारलं, मिसरवाल्यांना काय सापडलं ते तुम्हाला कसं कळलं? हे तर मदिनेतच ठरलेलं दिसतंय.

आता तो दुसरा प्रश्न: खून का झाला. उमर यांनी खलिफा निवडायची रीत घालून दिली होती. खलिफाला काढायची रीत कुणीच घालून दिली नव्हती. पदावर किती वर्षं, कुणासमोर जाब द्यायचा, जाब पटला नाही तर काय, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. उस्मान यांचं उत्तर ठाम होतं: अल्लाने मला घातलेला अंगरखा मी उतरवणार नाही. आज एका जमावाच्या म्हणण्यावर पद सोडलं तर उद्या प्रत्येक जमाव आपल्याला नको असलेल्या खलिफाला खाली ओढेल, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बंडखोरांनाही मागे फिरता येत नव्हतं. ते पत्र खरं असेल तर घरी पोचल्यावर मरण होतं.

खलिफाच्या हाताशी शिपाई नव्हते. मदिनेत छावणी नव्हती, कारण ती लागेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. मुआवियांनी शामला या किंवा फौज ठेवून घ्या असं सुचवलं होतं. पैगंबरांचं शहर सोडणार नाही आणि तिथल्या लोकांवर फौजेचा भार टाकणार नाही, म्हणून उस्मान यांनी ते नाकारलं. घराला वेढा पडला आणि तो साधारण चाळीस दिवस चालला. पाणी तोडण्यात आलं. रूमाची विहीर पदरचे पैसे घालून विकत घेऊन सगळ्या मुसलमानांना खुली करणाऱ्या माणसाचं पाणी तोडलं, हे त्यांनी छपरावरून ओरडून सांगितलंही. पैगंबरांच्या पत्नी उम्म हबीबा खेचरावर बसून पाणी घेऊन आल्या, त्यांनाही अडवलं. अली यांनी कसंबसं पाणी पोचवलं. दारावर अली यांचे पुत्र हसन, अब्दुल्ला इब्न झुबैर आणि इतर तरुण पहाऱ्याला होते, पण माझ्यासाठी कुणी तलवार उपसू नये असं उस्मान यांनी बजावलं होतं. आयेशा हजला निघून गेल्या.

१७ जून ६५६, शुक्रवार. शाम आणि बसऱ्याहून कुमक निघाल्याची बातमी आली, आणि वेढा घालणाऱ्यांना घाई झाली. दारावर झटापट चालू असताना काही जण शेजारच्या घरातून आत शिरले. त्यांत पहिल्या खलिफांचा मुलगा मुहम्मद इब्न अबी बक्र होता. त्याने वृद्ध खलिफांची दाढी धरली. उस्मान म्हणाले, "तुझ्या बापाने ही अशी धरली नसती." काही वृत्तान्त सांगतात की तो शरमून मागे सरला; वार दुसऱ्यांनी केले. उस्मान त्या वेळी कुराण वाचत होते. त्यांची पत्नी नाइला मध्ये आली, तिची बोटं तुटली. प्रेत रात्री, मोजक्या माणसांत, बकीच्या कब्रस्तानाबाहेरच्या एका बागेत पुरावं लागलं.

रक्ताचा सदरा आणि नाइलाची बोटं दमास्कसला पोचली आणि मुआवियांनी ती मशिदीत टांगली. मदिनेत अली खलिफा झाले, पण त्यांच्या पाठीराख्यांत अश्तर होता आणि मुहम्मद इब्न अबी बक्रही. त्या दोघांना सूड मागणाऱ्यांच्या स्वाधीन करणं त्यांना शक्य नव्हतं आणि त्यांना पदरी ठेवून सूड मागणाऱ्यांना समजावणंही. डिसेंबरमध्ये बसऱ्याजवळ अली आणि सूड मागणाऱ्या आयेशा, तल्हा, झुबैर यांच्यात उंटाची लढाई झाली. त्यात तल्हा आणि झुबैर हे दोघेही गेले. हकीम इब्न जबला तिच्या आधीच बसऱ्यात मारला गेला होता. पाय तुटल्यावर त्याने तोच पाय उचलून तोडणाऱ्याला फेकून मारला, असं सांगतात. ६५७ मध्ये सिफ्फीनला अली आणि मुआविया यांची लढाई, मग लवाद, मग त्यावरून अली यांना सोडून गेलेले खारिजी, ६६१ मध्ये अली यांचा खून, आणि खिलाफत उमय्या कुळाच्या हाती गेली.

यानंतर उस्मान बरोबर की बंडखोर, हा प्रश्न धर्मशास्त्राचा झाला. खारिजी म्हणाले, पहिली सहा वर्षं उस्मान योग्य, नंतर नाही. मुर्जिआ पंथाचे लोक म्हणाले, निवाडा अल्लावर सोडा. पुढे सुन्नी विचारात, राज्यकर्ता अन्यायी असला तरी त्याच्याविरुद्ध तलवार उपसू नये, हे मत बळावलं, आणि त्यामागे या काळाची आठवण मोठी आहे. शिया विचाराने त्या घटनांतून वेगळाच अर्थ काढला. म्हणूनच आज या बंडाबद्दल वाचताना लिहिणारा कुठल्या परंपरेत उभा आहे ते आधी पाहावं लागतं. वृत्तान्त सैफचा की वाकिदीचा, एवढं तपासलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

आणि मूळ भांडण, त्या सवाफी जमिनीचं? उमय्यांनी ती हळूहळू सरकारी, म्हणजे प्रत्यक्षात राजघराण्याची, करून टाकली. कूफा ते विसरला नाही. ७०१ च्या सुमारास इराकची फौज पुन्हा दमास्कसविरुद्ध उठली. तिचा पुढारी होता इब्न अल-अश्अस, उस्मान यांनी अझरबैजानला नेमलेल्या त्या अश्असचा नातू. दैर अल-जमाजिमच्या लढाईच्या धामधुमीत दीवानचं दफ्तर जाळण्यात आलं. कुठली जमीन कुणाची हे सांगणारे कागदच राहिले नाहीत, तेव्हा ज्याच्या शेजारी जी सवाफी होती ती त्याने आपल्या शेतात ओढून घेतली.